सीमेवरचा प्रदेश आणि त्याचे स्वत्व : परिसर अभ्यासाचा एक पाठ



इयत्ता पाचवीच्या मुलास नकाशावर महाराष्ट्र दाखवावयास सांगितले तर तो बिनचूक दाखवितो. गुजरात, मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणा, कर्नाटक, गोवा ही शेजारच्या राज्यांची नावेही तो घडाघड म्हणतो. परंतु "महाराष्ट्र उत्तरेतला की दक्षिणेतला?" असा साधा प्रश्न टाकला की वर्गात दोन तट पडतात आणि अखेर सर्वांचे डोळे गुरुजींकडे वळतात. पुष्कळदा गुरुजीही "मधला" एवढेच सांगून पुढच्या धड्याकडे वळतात.

"मधला" हे उत्तर चूक नाही; परंतु ते अपुरे आहे. मधला म्हणजे थोडा ह्यांचा व थोडा त्यांचा, स्वतःचे असे काही नसलेला, अशी समजूत त्यातून होण्याचा संभव असतो. ही समजूत दूर कशी करावी आणि त्यासाठी वर्गात कोणता पाठ घ्यावा, हे प्रस्तुत लेखात पहावयाचे आहे. हा प्रश्न केवळ इतिहास-भूगोलाचा नाही. आपल्या जिल्हा परिषदांच्या शाळांत जी मुले येतात, त्यांपैकी अनेकांच्या घरी शाळेतल्यापेक्षा वेगळी बोली आहे. त्या मुलांना महाराष्ट्र आपला वाटतो की परका, हे बव्हंशी ह्या प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून आहे.

१. दोन उत्तरे, दोन्ही खरी

जुन्या पंडितांनी पंचद्रविडांची जी गणना केली आहे, तीत द्रविड, कर्णाट व तैलंग यांच्याबरोबर महाराष्ट्र आणि गुर्जर यांनाही बसविले आहे. त्यांच्या दृष्टीने आपण दक्षिणेकडचे. उलटपक्षी, आधुनिक भाषाशास्त्रज्ञ मराठी भाषेस हिंदी, बंगाली, पंजाबी, गुजराती ह्यांच्या आर्यभाषाकुलात घालतात. त्यांच्या दृष्टीने आपण उत्तरेच्या घरातले. एकाच प्रदेशाविषयी ही दोन परस्परविरोधी मते कशी संभवतात? कारण दोघांनी मोजण्यासाठी घेतलेली मापे निराळी होती.

नेमकी हीच गोष्ट मुलांच्या मनावर ठसवावयाची आहे. उत्तर व दक्षिण यांच्या मध्ये एखाद्या बांधासारखी एकच रेषा ओढलेली नाही. पंचांगाची रेषा एका ठिकाणाहून जाते, व्याकरणाची दुसऱ्या ठिकाणाहून, नात्यागोत्याची तिसऱ्या ठिकाणाहून, आणि देवदैवतांची तर चौथ्याच. ह्या सर्व रेषा ज्या पट्ट्यात एकमेकींना छेदतात तो पट्टा म्हणजे आपला महाराष्ट्र होय. रेषांची ही विशिष्ट गुंफण अन्य कोणत्याही प्रदेशात जशीच्या तशी आढळत नाही. म्हणून तीच आपली ओळख. ह्या विधानाची प्रत्यक्ष उदाहरणे आता क्रमाने पाहू.

२. पंचांगाची रेषा

आपल्याकडे महिना अमावास्येला संपतो. ह्यास अमान्त पद्धती म्हणतात. उत्तर भारतात बहुतेक ठिकाणी तो पौर्णिमेला संपतो. ती पौर्णिमान्त पद्धती होय. ह्याचा परिणाम असा की शुद्ध पक्षात दोन्हीकडे महिन्याचे नाव एकच असते, पण वद्य पक्षात उत्तरेकडील महिना आपल्यापेक्षा एक नाव पुढे असतो. गोकुळाष्टमी आपल्याकडे श्रावण वद्य अष्टमीस येते. उत्तरेत त्याच तिथीला भाद्रपद कृष्ण अष्टमी म्हणतात. सण एकच, दिवसही एकच; महिन्याचे नाव मात्र वेगळे. सन २०२५ मध्ये उत्तरेकडील सावन ११ जुलैला सुरू झाला, तर आपला श्रावण २५ जुलैला.

कर्नाटक, तेलंगणा व आंध्र प्रदेश येथे महिना आपल्याप्रमाणेच अमावास्येला संपतो. तेथेही शालिवाहन शक मानतात, आणि आपल्या गुढीपाडव्याच्या दिवशीच त्यांची उगादी असते. ह्या बाबतीत आपण दक्षिणेच्या पंक्तीत बसतो. पण गुजरातकडे पाहा. तेथे महिना आपल्यासारखाच अमान्त, परंतु वर्ष विक्रम संवताचे आणि त्याचा आरंभ कार्तिकात. म्हणजे एका पंचांगातसुद्धा दोन रेषा आहेत आणि त्या एकमेकींवर बसत नाहीत.

३. भाषेची रेषा

आता भाषा घेऊ. "मुलाने आंबा खाल्ला" हे वाक्य फळ्यावर लिहावे. येथे कर्त्याला "ने" लागला आणि क्रियापद आंब्याप्रमाणे चालले. "मुलाने पोळी खाल्ली" म्हटले की ते लगेच बदलते. हिंदीत "लडके ने आम खाया, लडके ने रोटी खायी" अशी हीच रचना आहे. कन्नड व तेलुगू भाषांत असे होत नाही. तेथे कर्ता प्रत्ययाशिवाय राहतो आणि क्रियापद त्याच्याप्रमाणेच चालते. ह्या बाबतीत आपण स्पष्टपणे उत्तरेचे आहोत.

आता "आम्ही" आणि "आपण" हे दोन शब्द घ्यावेत. "आम्ही जत्रेला जाणार" असे म्हटले तर ऐकणारा त्यात धरलेला नाही. "आपण जत्रेला जाऊ" म्हटले तर तो आला. हा भेद मराठी मूल शाळेत येण्यापूर्वीच अचूक जाणते. प्रमाण हिंदीत मात्र दोहोंस "हम" हा एकच शब्द आहे. तेलुगूत "मेमु" व "मनमु" असे दोन निराळे शब्द आहेत, आणि तमिळमध्येही हा भेद पाळला जातो. मराठीत हा भेद द्राविड भाषांच्या सहवासाने रुजला असे अनेक अभ्यासक मानतात. गमतीची गोष्ट अशी की उत्तरेकडील गुजरातीत हा भेद आहे, आणि आपल्या अगदी दक्षिणेस लागून असलेल्या आजच्या कन्नडमध्ये "नावु" हा एकच शब्द उरला आहे. सीमेची रेषा सरळ नसते, ह्याचे याहून सुबोध उदाहरण सापडणे कठीण.

शब्दसंग्रहाचेही असेच आहे. अक्का, अण्णा हे आपले घरगुती शब्द कन्नड व तेलुगू घरांतही वापरतात. हिंदीत ज्यास घी म्हणतात त्यास आपण तूप म्हणतो. कन्नडमध्ये तो शब्द "तुप्प" असा आहे. आपला अडकित्ता हा कन्नड "अडके" म्हणजे सुपारी ह्या शब्दाचा आप्त आहे. उलट हात, कान, नाक, दूध, पाणी हे रोजचे शब्द प्राकृताच्या वाटेने आलेले असून हिंदी मुलासही ते ओळखता येतात. तेव्हा मराठी ही मिश्र भाषा आहे असे म्हणू नये. तिचा सांगाडा आर्यभाषेचा आहे, तिचे संस्कार दक्षिणेच्या शेजाराचे आहेत, आणि ह्या दोहोंतून घडलेले रूप सर्वस्वी तिचे स्वतःचे आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र शासनाने तिला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला, तो ह्याच दीर्घ परंपरेचा गौरव होय.

४. नात्यांची रेषा

हा भाग शिक्षकांच्या स्वतःच्या माहितीसाठी आहे. इरावती कर्वे यांनी १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथात भारतातील नातेव्यवस्थेचे उत्तर, मध्य, दक्षिण व पूर्व असे चार विभाग केले, आणि महाराष्ट्रास मध्य विभागात ठेवले. उत्तरेकडील हिंदू समाजात सामान्यतः मामेबहिणीशी विवाह निषिद्ध मानतात. दक्षिणेत मामाची मुलगी व आत्याची मुलगी ह्या दोन्ही चालतात, आणि काही समाजांत मामा-भाचीचा विवाहही होतो. महाराष्ट्रातील पुष्कळ समाजांत मामाची मुलगी करण्याची चाल होती. आत्याची मुलगी मात्र सहसा करीत नसत. म्हणजे आपण दोहोंच्या मध्ये नुसते उभे राहिलो नाही. आपण आपला स्वतंत्र नियम केला.

ह्या चालीची खूण आपल्या बोलण्यात अजून शिल्लक आहे. जुन्या वळणाच्या घरांत सून सासूला "आत्याबाई" म्हणते आणि सासऱ्याला "मामंजी". कन्नड "अत्ते" व तेलुगू "अत्त" ह्या शब्दांचा अर्थही आत्या आणि सासू असा दुहेरी आहे. एका संबोधनात शतकांचा इतिहास कसा जपला जातो, हे यावरून ध्यानी येईल.

५. देवतांची व शिल्पाची रेषा

पंढरपूर हे सोलापूर जिल्ह्यात भीमेच्या काठी आहे. हीच भीमा पुढे कर्नाटकात जाऊन कृष्णेस मिळते, आणि विठ्ठलभक्तीही नदीबरोबर दोन्हीकडे नांदते. आपल्या संतांनी विठ्ठलास कर्नाटकाचा म्हणून गायिले आहे. कन्नड हरिदासांपैकी पुरंदरदासांनी आपल्या पदांत "पुरंदर विठ्ठल" ही मुद्रा धारण केली. त्याच पंढरीचे नामदेव उत्तरेस पंजाबापर्यंत गेले. शिखांच्या गुरु ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदे समाविष्ट आहेत, आणि पंजाबातील घुमान ह्या गावी त्यांचे स्थान आहे. तेथे २०१५ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनही भरले होते. दक्षिणेचे भक्त ज्याच्या दर्शनास येतात आणि ज्याचा भक्त उत्तरेत पूज्य होतो, असा हा देव आपल्या मधोमध उभा आहे.

खंडोबाचे उदाहरण मुलांना अधिक जवळचे वाटेल. जेजुरीचा खंडोबा कर्नाटकात मैलार म्हणून व तेलुगू मुलखात मल्लन्ना म्हणून पुजला जातो. भंडारा उधळणारी मुले तिकडेही आहेत, हे ऐकून आपल्या मुलांना आनंद होतो.

शिल्पाकडे वळल्यास वेरूळचे कैलास लेणे पाहावे. आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळी ते कोरले गेले, आणि त्याचे शिखर दक्षिणेच्या द्राविड पद्धतीचे, मजल्यामजल्यांचे आहे. आता सिन्नरचे गोंदेश्वर मंदिर किंवा शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६० चा लेख असलेले अंबरनाथचे शिवमंदिर पाहावे. त्यांची बांधणी भूमिज पद्धतीची असून ती उत्तरेच्या नागर परिवारातील गणली जाते. एकाच प्रदेशात दोन्ही कुलांची शिखरे उभी राहिली आणि कोणीही दुसऱ्यास परके म्हटले नाही.

६. इतिहासाचा आधार

असे का झाले, ह्याचे कारण भूगोलात आहे. नर्मदा ओलांडली की प्राचीन लोक त्या मुलखास दक्षिणापथ म्हणत. उत्तरेतून येणारा व्यापारी मार्ग गोदाकाठच्या पैठणास येई, आणि तेथून नाणेघाटासारख्या घाटवाटांनी कोकणातील बंदरांकडे माल उतरे. पैठण ही सातवाहनांची राजधानी होती. हे राजे दक्षिणेचे, पण त्यांचे शिलालेख प्राकृतात. सातव्या शतकात बदामीच्या चालुक्य वंशातील दुसऱ्या पुलकेशीने उत्तरेच्या हर्षवर्धनाची दक्षिणेकडील आगेकूच रोखली. इसवी सन ६३४ च्या ऐहोळे येथील लेखात ह्या पराक्रमाबरोबरच तीन महाराष्ट्रकांचा व त्यांतील ९९ हजार गावांचा उल्लेख आहे. देवगिरीच्या यादवांच्या काळात संस्कृत, कन्नड आणि मराठी अशा तीनही भाषांत लेख कोरले गेले, आणि त्यांच्याच राज्यात शके १२१२, म्हणजे १२९० साली, नेवासे येथे ज्ञानेश्वरी सिद्ध झाली.

भाषांची सरहद्द ह्या काळात कशी मोकळी होती, हे दोन गोष्टींवरून दिसते. नवव्या शतकातील "कविराजमार्ग" हा कन्नड ग्रंथ कन्नड देशाचा विस्तार कावेरीपासून गोदावरीपर्यंत सांगतो. दुसरीकडे, कर्नाटकातील श्रवणबेळगोळ येथे गोमटेश्वराच्या भव्य मूर्तीच्या पायाशी कन्नड व तमिळ लेखांबरोबर मराठी लेखही आहे. कन्नड गोदेपर्यंत आली होती आणि मराठी श्रवणबेळगोळपर्यंत गेली होती. पुढे मराठ्यांचे राज्य दक्षिणेत तंजावरास व उत्तरेत ग्वाल्हेर-इंदूरास नांदले, आणि दोन्ही ठिकाणी मराठी घरे अद्यापि आहेत.

१ मे १९६० रोजी आजचे महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले. राज्याची सीमा ही कारभारासाठी लागणारी एक निश्चित रेषा आहे आणि ती आवश्यकच आहे. परंतु संस्कृतीच्या रेषा त्या एका रेषेवर येऊन थांबत नाहीत, हे विसरून चालणार नाही.

७. हा विषय शाळेत का महत्त्वाचा?

अक्कलकोट व जत तालुक्यांतील अनेक घरांत कन्नड बोलली जाते, सिरोंच्याच्या बाजूस तेलुगू, गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात गोंडी, यवतमाळकडे कोलामी, मेळघाटात कोरकू, नंदुरबारच्या डोंगरांत भिली, खानदेशात अहिराणी. ह्यांपैकी गोंडी व कोलामी ह्या द्राविड कुलातील भाषा, भिली व अहिराणी आर्यकुलातील, आणि कोरकू तर मुंडा ह्या तिसऱ्याच कुलातील. आपल्या एका राज्याच्या शाळांत तीन भाषाकुलांची मुले एकाच परिपाठाला उभी राहतात.

शाळाभेटीच्या वेळी एका वर्गातील वह्या चाळत असता "माझे घर" ह्या विषयावरील निबंध हाती आला. मुलाने आईसाठी "अव्वा" हा आपल्या घरचा कन्नड शब्द लिहिला होता. त्यावर तांबड्या शाईची फुली होती आणि समासात "अशुद्ध" असा शेरा होता. त्यापुढील सर्व निबंधांत त्या मुलाने आईचा उल्लेखच केलेला नव्हता. शेरा देणाऱ्या शिक्षकाचा हेतू वाईट होता असे म्हणता येणार नाही. मुलाची मराठी सुधारावी हीच त्यांची इच्छा होती. पण मुलाने त्या फुलीचा अर्थ निराळा घेतला. आपल्या घरचा शब्द शाळेत आणावयाचा नाही, एवढेच तो शिकला. असे मूल पुढे उत्तर ठाऊक असूनही हात वर करीत नाही. ते मागच्या बाकावर सरकते, आणि एखाद्या हंगामात शेतावर गेले की परत येत नाही. अशा गळतीचे कारण हजेरीपटावर कधीच नोंदले जात नाही.

वस्तुतः "अव्वा" हा शब्द अशुद्ध नाही. तो दुसऱ्या भाषेतील शुद्ध शब्द आहे. कन्नड अव्वा, तेलुगू अम्मा, अहिराणी माय आणि प्रमाण मराठी आई हे चारही शब्द महाराष्ट्राच्याच घरांत रोज उच्चारले जातात. ज्या महाराष्ट्राने तूप आणि अडकित्ता आपलेसे केले, त्याने अव्वा म्हणणाऱ्या मुलास परके मानणे हे त्याच्याच इतिहासास सोडून होईल.

८. पाठाची मांडणी

इयत्ता : पाचवी. तासिका : दोन.

साहित्य : भारताचा नकाशा (नसल्यास वर्गाच्या फरशीवर खडूने आखलेला), मराठी दिनदर्शिका, चार रंगांचे दोरे.

पूर्वज्ञान : मुलांना शेजारच्या राज्यांची नावे, मराठी महिने व मुख्य सण ठाऊक आहेत.

प्रस्तावना : "आम्ही खेळणार" आणि "आपण खेळू" ह्या दोन वाक्यांतील फरक मुलांकडूनच काढून घ्यावा. नियम सांगू नये. कोण खेळणार व कोण नाही, हे मुले आपोआप सांगतील.

हेतुकथन : "आपला महाराष्ट्र उत्तरेशी कोणत्या गोष्टींनी जोडलेला आहे आणि दक्षिणेशी कोणत्या, हे आज आपण दोऱ्यांनी शोधू."

विवेचन : प्रत्येक दोरा मुलांकडून नकाशावर ठेववून घ्यावा.

निळा दोरा, पंचांगाचा : गुजरात व महाराष्ट्र यांच्या उत्तर सीमेवरून. ह्याच्या दक्षिणेस महिना अमावास्येला संपतो. तमिळनाडू व केरळ येथे महिने सूर्यावर मोजतात, हे सोबत सांगावे.

तांबडा दोरा, "ने"चा : महाराष्ट्र व गोवा यांच्या दक्षिण व आग्नेय बाजूने. "मुलाने आंबा खाल्ला" ही रचना ह्याच्या उत्तरेस.

हिरवा दोरा, "आम्ही-आपण"चा : गुजरात, महाराष्ट्र, तेलंगणा, आंध्र व तमिळनाडू यांस जोडणारा आणि कर्नाटकास वळसा घालणारा.

पिवळा दोरा, खंडोबाचा : जेजुरीपासून कर्नाटक व तेलुगू मुलखापर्यंत.

फलकलेखन : "दोरे चार, वाटा चार. चारही दोरे कोठे भेटतात?" मुले नकाशावर महाराष्ट्राकडे बोट दाखवितील. तेथेच पाठाचा गाभा पूर्ण होतो. त्यावर व्याख्यान देण्याचा मोह आवरावा.

संकलन : (१) गोकुळाष्टमीच्या महिन्यास उत्तरेत काय म्हणतात? (२) तूप ह्या शब्दाचा आप्त कोणत्या भाषेत आहे? (३) नामदेवांची पदे कोणत्या ग्रंथात आहेत? (४) सर्व दोरे एकाच जागी का ठेवता आले नाहीत?

उपयोजन : प्रत्येक मुलाने घरून पाच शब्द विचारून आणावेत आणि वहीत "घरचा शब्द" व "शाळेचा शब्द" असे दोन रकाने करून लिहावेत. आई, पाणी, भाकरी, चूल, पाऊस हे शब्द आरंभास सोयीचे पडतात. दुसऱ्या तासिकेस वर्गाचा एकत्र शब्दकोश करावा. ज्या मुलाच्या घरी दुसरी भाषा आहे, तो त्या दिवशी वर्गाचा शिक्षक होतो.

९. काही सावधगिरीच्या सूचना

विवाहाच्या चालीविषयी वर्गात विचारणा करू नये. तो घरगुती विषय आहे, शिवाय जवळच्या नात्यातील विवाहांबाबत आज वैद्यकीय सल्लाही निराळा आहे. कुलदैवत विचारताना जातीची चौकशी केल्यासारखे होणार नाही, अशी दक्षता घ्यावी; मुलाने आपण होऊन सांगितले तरच ते घ्यावे.

सीमाप्रश्नाविषयी मुलांनी विचारल्यास टाळू नये आणि भडकवूही नये. न्यायमूर्ती महाजन यांच्या आयोगाचा अहवाल १९६७ साली आला, महाराष्ट्राने तो मान्य केला नाही, आणि २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला, एवढे तथ्य सांगावे. राज्याची रेषा कोठे असावी ह्याविषयी मतभेद असला तरी रेषेपलीकडचा मुलगा आपला वैरी नव्हे, हे सांगण्यास विसरू नये.

प्रमाण मराठी शिकविण्यात कसूर करावी, असा ह्या लेखाचा अर्थ मुळीच नाही. मुलास पुढे अर्ज लिहावयाचा आहे, परीक्षा द्यावयाची आहे, तालुक्याच्या कचेरीत आपले म्हणणे मांडावयाचे आहे. त्यासाठी प्रमाण भाषा त्यास आलीच पाहिजे. प्रश्न फक्त रीतीचा आहे. घरचा शब्द पुसून शाळेचा शब्द लिहू नये; घरच्या शब्दाशेजारी तो लिहावा. काही पालक स्वतःच सांगतात, "गुरुजी, घरची भाषा बोलू देऊ नका, मराठी बिघडेल." त्यांना समजावून द्यावे की दोन भाषा जाणणाऱ्या मुलाची एकही भाषा बिघडत नाही. शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत मातृभाषेतून वा घरच्या भाषेतून शिक्षण व्हावे, हे २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही नमूद आहे.

१०. समारोप

महाराष्ट्राचे स्वत्व हे कुंपण घालून राखलेले नाही. उत्तरेची रचना, दक्षिणेचा शेजार, डोंगरातील बोली आणि घाटवाटांची ये-जा ह्यांतून ते घडले आहे. म्हणून ज्या घराचा एखादा दोरा एका बाजूस अधिक ओढला गेला आहे, ते घर महाराष्ट्रात उणे ठरत नाही. किंबहुना गुंफण ज्या धाग्यांनी पक्की झाली, त्यांतलाच तो एक धागा आहे.

हा पाठ श्रावणाच्या सुमारास घेतल्यास पंचांगाचे उदाहरण मुलांना प्रत्यक्ष पाहता येईल. पाठ घेतल्यानंतर वर्गाने केलेल्या शब्दकोशाची एक प्रत शाळेच्या वाचनकोपऱ्यात ठेवावी आणि दुसरी केंद्रसंमेलनास आणावी. निरनिराळ्या गावांच्या वह्या एकत्र ठेवून पाहिल्या, तर आपल्याच तालुक्यात किती भाषांतून आईला हाक मारली जाते, हे सर्वांच्या ध्यानी येईल. आणि पुढील वेळी वही तपासताना असा एखादा शब्द दिसला, तर फुली मारण्याऐवजी त्याच्या शेजारी "आई" असे लिहावे व दोन्ही शब्द राहू द्यावेत.